दुधाचे वावडे आणि भट्टीची साक्ष

मुरगावच्या सड्यावरून बंदराकडे उतरणाऱ्या वस्तीत उजाडण्यापूर्वीच पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येतो, आणि बांबूच्या टोपलीवरचे आच्छादन बाजूला झाले की नुकत्याच भट्टीतून निघालेल्या उंड्यांचा व कोंड्याच्या पोळ्यांचा ऊबदार वास दारापर्यंत येतो. पोर्तुगीज अंमलात जेझुइट पाद्र्यांनी साष्टीतील माजोर्ड्याच्या लोकांना पाव भाजण्याची कला शिकविली, असे गोव्याची लोकस्मृती सांगते; युरोपातले आंबवण इथे मिळेना, म्हणून माडाची सूर घालून पीठ फुगविण्याची युक्ती रुजली, आणि पीठ, पाणी, मीठ व सूर एवढ्या सामग्रीवर हा पाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यात दूध नाही. ज्या घरातील मुलाला दुधाचे वावडे आहे त्या घराला ही साधी गोष्ट केवढी मोठी वाटते, हे त्या घरात चार दिवस राहिल्यावाचून कळत नाही.

गोमंतकाचे स्वयंपाकघर तसे या मुलांना पुष्कळ सांभाळून घेते. मणगणे असो, पातोळ्या असोत किंवा सोलकढी असो, जिथे देशावर गायी-म्हशीचे दूध किंवा ताक लागेल तिथे आमच्याकडे नारळ किंवा त्याचा रस लागतो. परंतु देवापुढचे पंचामृत, शेजाऱ्याकडून आलेला पेढा, वाढदिवसाचा केक, आणि पाकिटातले साधे बिस्कीट, यांतून सुटका नसते. दुधाला वंचित झालेले मूल ही कल्पनाच आपल्या मनाला सहन होत नाही. अश्वत्थाम्याला दूध म्हणून पिठाचे पाणी पाजल्याची कथा ऐकताना आजही आजीचा स्वर जड होतो. आणि इथे तर दूध घरात असून, विकत घेण्याची ऐपत असून, ते द्यायचे नाही. एक घोट पोटात गेला की काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, ओकाऱ्या होतात, क्वचित धाप लागून जीव धोक्यात येतो. दूध पचत नाही, पोट फुगते, अशी जी तक्रार मोठ्या माणसांत आढळते ती निराळी. ती दुधातील साखरेची गोष्ट आहे. वावडे असते ते दुधातील प्रथिनांचे, आणि त्यात शरीराचे रक्षकदलच अन्नाला शत्रू समजून बसलेले असते.

अशा मुलाच्या बाबतीत वैद्यकाने शतकभर एकच हुकूम फर्माविला: दूध बंद, दुधाचा अंशही बंद. हा हुकूम कसा निघाला आणि शंभर वर्षांनी त्याला मुभेचे एक कलम कसे जोडले गेले, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे, आणि ती समुद्रापासून सुरू होते.

1901 च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर आपल्या शास्त्रीय संशोधनाच्या नौकेवरून अटलांटिक महासागरात निघाला. नौकेवर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ होते. मार्ग केप व्हर्द बेटांचा होता. ज्या निशाणाखाली त्या काळी आमचे मुरगाव बंदर होते त्याच पोर्तुगीज निशाणाखाली ती बेटेही होती. त्या पाण्यावर निळसर फुग्यासारखा एक जीव तरंगत असतो. शिडे उभारलेल्या लढाऊ गलबतासारखा दिसतो म्हणून युरोपातील खलाशांनी त्याला पोर्तुगीजांच्या युद्धनौकेचे नाव दिले. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावरही हे निळे फुगे वाहून येतात आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला त्यांचे लांब तंतू लागले की आग आग होते. या तंतूंतील विषाचा अभ्यास करावा, अशी सूचना राजाने आणि त्याचे शास्त्रीय सहायक ज्यूल रिशार यांनी केली.

फ्रान्सला परतल्यावर तो जीव मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचे विष घेतले. कुत्र्यांना त्याची अल्प मात्रा देऊन त्यांच्यात विषाविरुद्ध संरक्षण उत्पन्न होते काय, हे त्यांना पाहायचे होते. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा पहिली मात्रा सहज पचवून बसला. सुमारे तीन आठवड्यांनी, तो पूर्ण निरोगी असताना, त्याला तेवढेच अल्प विष पुन्हा टोचले. काही क्षणांत त्याला धाप लागली, त्याला उभे राहवेना, आणि 25 मिनिटांत तो मेला. पहिल्या भेटीने शरीर सावध व्हावे ही अपेक्षा होती; ते विनाशाला सज्ज होऊन बसले होते. संरक्षणाच्या नेमक्या उलट अशा या अवस्थेला रिशे यांनी 1902 मध्ये ‘ॲनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले, आणि 1913 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज एखाद्या बालकाला दुधाच्या घोटाने जो प्राणांतिक झटका येतो, त्याचे नाव या नेपच्यूनच्या मरणातून आलेले आहे.

चारच वर्षांनी व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात काम करणारे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दुसरा शब्द घडविला. घटसर्पावर घोड्याच्या रक्तातील लस टोचलेल्या मुलांना काही दिवसांनी ताप येई, अंगावर चट्टे उठत, सांधे दुखत. बेला शिक यांच्यासह त्यांनी या व्याधीवर 1905 मध्ये ग्रंथ लिहिला होता. परक्या द्रव्याशी एकदा गाठ पडली की शरीराची पुढील वर्तणूक बदलते, मग ती हिताची असो वा अहिताची, एवढाच अर्थ मनात धरून त्यांनी 1906 मध्ये दोन ग्रीक शब्दांतून ‘ॲलर्जी’ हा शब्द सिद्ध केला. आपल्याकडे हा शब्द आज हळदीकुंकवाच्या गप्पांतही ऐकू येतो. तो एका बालरोगतज्ज्ञाने मुलांच्या खाटेपाशी बसून घडविला, याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवीत नाही.

दुधाचा प्रश्न याच सुमारास जर्मनीत पुढे आला. अंगावर न पिणाऱ्या तान्ह्या मुलांना गायीचे दूध पाजण्याचा शिरस्ता शहरांत वाढला होता, आणि त्यांतील काही मुले त्या दुधाने विष घेतल्यासारखी कोसळत. 1905 मध्ये आर्थर श्लोसमान आणि हाइनरिख फिंकेलश्टाइन यांनी अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. ज्याला आपण अमृत म्हणतो त्या दुधाने तान्हे दगावू शकते, हे लेखी नोंदविले गेले ते तेव्हा. पुढे नाझी राजवटीत फिंकेलश्टाइन यांना ज्यू म्हणून देश सोडावा लागला आणि त्यांचा शेवट दूर चिलीत झाला.

दूध सोडा, एवढाच उपाय उरला. 1929 मध्ये अमेरिकेत हिल आणि स्टुअर्ट यांनी दूध न सोसणाऱ्या तान्ह्यांसाठी सोयाबीनचे अन्न सुचविले, आणि 1942 मध्ये दुधातील केसीन या प्रथिनाचे तुकडे तुकडे करून बनविलेली भुकटी बाजारात आली. असंख्य बालकांचे प्राण यामुळे वाचले आणि त्याविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु जे मूल पाच, आठ, बारा वर्षांचे झाले, त्याने आयुष्यभर केकच्या तुकड्याकडेही पाहू नये काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नव्हते.

या प्रश्नाचे बीज मात्र मधल्याच काळात एका माशाच्या तुकड्यात पडले होते, आणि मासे हेच जेवण असलेल्या गोवेकराने तर ती गोष्ट आवर्जून वाचावी. 1921 साली ब्रेस्लाउ येथे कार्ल प्राउस्निट्स आणि हाइन्झ क्यूस्टनर हे दोन डॉक्टर ॲलर्जीचे गूढ उकलण्याच्या खटपटीत होते. क्यूस्टनरना मासे बाधत. प्राउस्निट्सनी त्यांच्या रक्तातील पातळ द्रव आपल्या स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे टरारून गांध उठली. ॲलर्जी रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येते, म्हणजे रक्तात तिचे काही द्रव्य आहे, हे या प्रयोगाने दाखविले. ते द्रव्य ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड आहे, हे समजण्यास 1966–67 साल उजाडावे लागले. किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ते अमेरिकेत शोधले आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेन्निख स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले. पण माझे मन रेंगाळते ते त्या प्रयोगातील एका किरकोळ वाटणाऱ्या तपशिलावर: क्यूस्टनरना शिजविलेला मासा बाधे, कच्चा बाधत नसे. मासा तोच, माणूस तोच. मध्ये फक्त अग्नी आला आणि वावडे उत्पन्न झाले. मग अग्नीने एखादे वावडे नाहीसेही होणार नाही काय?

1930 च्या दशकात न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ब्रेट रॅटनर यांनी उष्णतेने अन्नातील प्रथिनांची बाधण्याची शक्ती कशी बदलते यावर प्रयोग केले. परंतु डॉक्टरांचा दैनंदिन सल्ला बदलला नाही. मनाईहुकूम जसाच्या तसा राहिला. त्यामागे निष्काळजीपणा नव्हता, भय होते, आणि ते भय खरे होते.

शतक संपता संपता त्या हुकुमाचा भार अधिक जाणवू लागला. 1990 मध्ये डेन्मार्कमधून होस्ट आणि हाल्केन यांनी जन्मापासून पाहिलेल्या 1749 मुलांचा वृत्तांत दिला होता: 39 मुलांना गायीचे दूध बाधत होते आणि त्यांतील 87 टक्के तिसऱ्या वर्षापर्यंत बरी झाली. आईबापांना सांगण्यास ही मोठी दिलाशाची गोष्ट होती. परंतु 2007 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील 807 मुलांचा हिशेब पुढे आला, तो उदास करणारा होता; चौथ्या वर्षापर्यंत केवळ 19 टक्के मुलांचे वावडे सुटले होते आणि सोळाव्या वर्षापर्यंत 79 टक्क्यांचे. दुसरी मुले मोठ्या रुग्णालयात पाठविलेली, म्हणजे अधिक गंभीर होती, हे लक्षात घ्यावे लागते. तरीही एवढे स्पष्ट झाले की अनेक मुलांचे सगळे शालेय आयुष्य या मनाईखाली जाते.

आणि याच वेळी डॉक्टरांच्या कानावर आईबापांची एक जबानी वारंवार येत होती: दूध प्यायला की मुलाच्या अंगावर गांधी उठतात, पण चुकून केक खाल्ला तर काही होत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील आना नोव्हाक-वेग्झिन, ह्यू सॅम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जबानी फेटाळली नाही, तिची रुजवात करण्याची तजवीज केली. हीच गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

दुधाचे वावडे असलेली 100 मुले त्यांनी घेतली. दुधाची भुकटी घालून केलेला, सुमारे 175 अंश सेल्सियसच्या भट्टीत अर्धा तास भाजलेला लहान कप-केक, ज्याला तिकडे मफिन म्हणतात, हा पहिला घास. त्यात दुधाचे प्रथिन 1.3 ग्रॅम, म्हणजे साधारण 40 मिलिलिटर दुधात असते तेवढे. मुलाच्या खाटेजवळ औषधे आणि ॲड्रेनालिनचे इंजेक्शन तयार. केकचे चार सारखे भाग. एक भाग खायचा, थांबायचे, कातडी पाहायची, ओठ पाहायचे, श्वास ऐकायचा, मग दुसरा भाग. तो पार पडला तर त्याहून कडक पण थोडा वेळच भाजलेले वाफल, आणि तेही सोसले तर न तापविलेले दूध. जे मूल जन्मापासून दुधाचे नाव ऐकताच हात मागे घ्यायला शिकलेले असते, त्याच्या तळहातावर केकचा चतकोर ठेवताना त्याच्या आईच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

2008 मध्ये फळ जाहीर झाले. 100 पैकी 9 मुलांचे वावडे पूर्वीच सुटले होते. त्यांना सारे दूध चालले. 23 मुलांना भाजलेले दूधही बाधले. उरलेल्या 68 मुलांनी भट्टीतले दूध निर्वेधपणे खाल्ले, पण साधे दूध त्यांना बाधले. म्हणजे ज्यांचे वावडे खरोखर शिल्लक होते त्या 91 पैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांवर केकची मनाई निष्कारण होती. परंतु ज्या 23 जणांना भाजलेले दूध बाधले त्यांचा त्रास इतरांहून तीव्र होता, हा दुसरा निष्कर्षही तितकाच वजनाचा आहे.

असे का होते, हे समजण्यास दुधाच्या पोटात शिरावे लागते. गायीच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन आणि 20 टक्के निवळीतील प्रथिने. निवळीतील प्रथिने घट्ट गुंडाळलेल्या सुताच्या गुंडीसारखी असतात. उष्णतेने गुंडी उलगडते, आणि ज्या मुलाचे प्रतिपिंड त्या गुंडीच्या आकारालाच ओळखतात त्यांना आता ओळख पटत नाही. केसीन मुळातच सैल धाग्यासारखे आहे. त्याला उलगडायला काही उरलेलेच नाही, म्हणून ज्या मुलाचे प्रतिपिंड केसीनच्या धाग्यातील एखाद्या तुकड्याला ओळखतात त्याला भट्टी वाचवू शकत नाही. शिवाय केक भट्टीत 175 अंशांवर असला तरी त्याच्या पोटातली उष्णता उकळत्या दुधाहून अधिक नसते. म्हणजे सारे श्रेय अग्नीला देऊन चालणार नाही. बराच वेळ भाजताना दुधाची प्रथिने गव्हाच्या प्रथिनांत गुंतून जातात आणि आतड्यातील रक्षकांच्या हाती तितकी सहज लागत नाहीत. आपल्याकडे घरोघरी दूध उकळूनच पितात, आणि पुष्कळांना वाटते की उकळले म्हणजे भागले. ते तसे नाही. उकळलेले दूध, बासुंदी, पेढा यांना केकचा न्याय लावणे धोक्याचे आहे. म्हशीचे आणि शेळीचे दूधही बहुधा गायीच्या दुधासारखेच बाधते.

त्या मुलांचे पुढे काय झाले, हे 2011 मध्ये त्याच संस्थेने सांगितले. प्रारंभी भाजलेले दूध सोसलेल्या 65 मुलांपैकी सरासरी तीन वर्षांत 39 मुले, म्हणजे 60 टक्के, साधे दूध पिऊ लागली होती. प्रारंभी न सोसलेल्या 23 पैकी केवळ 2. ज्यांनी रोजच्या आहारात भाजलेले दूध घेतले त्यांचे वावडे मनाई पाळणाऱ्यांच्या मानाने लवकर सुटले, असा अर्थ त्यातून काढला गेला. हा अर्थ त्या काळी जरा घाईचा होता, असे माझे मत आहे. दोन्ही गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि भाजलेले दूध ज्यांना आधीच सोसते त्यांचे वावडे मुळातच सौम्य असणार. 2022 मध्ये मात्र बाल्टिमोरमध्ये अशा मुलांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला ज्यांना भाजलेले दूधही बाधत होते. सूक्ष्म मात्रेपासून वर्षभर चढवीत नेलेल्या भाजलेल्या दुधाने 15 पैकी 11 मुले ठरविलेल्या मोठ्या मात्रेपर्यंत पोहोचली. दूध नसलेली मात्रा घेतलेल्यांपैकी एकही नाही.

या प्रवासात 2017 साल विसरता येणार नाही. अमेरिकेतील अलाबामात भाजलेल्या दुधाची चाचणी घेताना तीन वर्षांच्या एका बालकाचा मृत्यू झाला. तेही रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून कोणी शेजारीण म्हणाली, केक देऊन तर बघा, तर ते ऐकू नये. ही परीक्षा घरच्या ओट्यावर घ्यायची नाही.

प्राउस्निट्स यांची पुढची हकीकत इथे सांगितली पाहिजे. नाझींच्या काळात ते इंग्लंडला गेले आणि आइल ऑफ वाइट या छोट्या बेटावर व्हेंटनर गावी साधे डॉक्टर म्हणून राहिले. त्याच बेटावर पुढे मुलांच्या ॲलर्जीचा मोठा अभ्यास उभा राहिला, आणि तिथे काम केलेल्या आहारतज्ज्ञ कॅरिना व्हेंटर यांनी सहकाऱ्यांसह 2013 मध्ये सौम्य व विलंबित वावडे असलेल्या मुलांसाठी ‘दुधाची शिडी’ मांडली. बिस्किटापासून आरंभ, मग केक, मग पॅनकेक, चीज, दही आणि शेवटी साधे दूध. भाजणे कमी होत जाते आणि दुधाची मात्रा वाढत जाते, एकेक पायरी डॉक्टरांच्या सल्ल्याने.

या शिडीच्या पायऱ्या मात्र इंग्लंडच्या स्वयंपाकघरातल्या आहेत, आणि ती मुरगावला, पेडण्याला किंवा डिचोलीला जशीच्या तशी उभी करता येत नाही. आमची नानकटाई बहुधा तुपात केलेली, तिच्यात दुधाचे प्रथिन किती हे कोणी सांगू शकत नाही. आमचे धोंडस खाली-वर निखारे ठेवून तासभर भाजतात खरे, पण त्यात काकडी, रवा, गूळ आणि नारळ, दूध नव्हे. बेबिंकेतही नारळाचाच रस. उलट बेकरीच्या ज्या पावात पूर्वी सूर आणि पाणी असे त्यात आता दुधाची भुकटी असू शकते, म्हणून पाकिटावरचा मजकूर वाचावा लागतो. 2020 च्या केंद्रीय नियमांनी दुधाचा उल्लेख करणे सक्तीचे केले आहे, परंतु पोदेराच्या टोपलीला पाकीट नसते, त्यामुळे त्याला विचारूनच घ्यावे लागते.

म्हणून ज्या घराला डॉक्टरांनी चाचणी घेऊन पहिल्या पायरीची परवानगी दिली आहे, तिथे सारे मोजून करावे लागते: भुकटी चमच्याने सपाट, पीठ वजनाने, भट्टी आधी पुरती तापलेली, आणि अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. निवाल्यावर केक मधोमध मोडून पाहायचा. वरून तांबूस झालेला केक पोटात ओलसर राहिला असेल तर त्या ओलसर भागातले दूध अजून साधे दूधच आहे, आणि तो घास मुलाच्या ताटात जाऊ द्यायचा नाही.